महाराजांचा पांढरा पाय

कापड रंगवायच्या कारखान्यात सगळी पहिली पाळी कामं टाकून एका काट्याकडे बघत होती. वाफेच्या पॅनेलवरचा टीचभर काटा, आणि त्याच्यापुढे पन्नास माणसं हात जोडून. पॅनेलला खेटून, पायांवर शाल पसरून, महाराज बसले होते.

"आला," महाराज डोळे मिटून म्हणाले. "ऐका, श्वास घेतोय."

खरंच फुस्स असा आवाज आला आणि नऊवरचा काटा घसरत शून्यावर गेला.

"जुनं पिशाच्च आहे. पण आमच्यापुढे त्याची डाळ शिजत नाही. जा."

फुस्स थांबलं. काटा पुन्हा नऊवर. मॅनेजरसाहेबांनी घाम पुसला.

मागे मिस्त्रींची थोरली लेक उभी होती. वडिलांची हत्यारांची पेटी न्यायला आलेली. हवेवर चालणारी इथली उपकरणं तिच्या वडिलांनी तीस वर्षं सांभाळली. दीड महिन्यापूर्वी नळीतल्या हवेचा दाब दाखवणारा हा काटा पडला, त्या हवेवर उघडणारी झडप मिटून वाफ बंद झाली, कापड फिकं निघालं. मिस्त्रींना पॅनेलखाली नळीची तोटी उघडी सापडली. त्यांनी ती बंद केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडी. "कुणीतरी मुद्दाम उघडतंय," ते म्हणाले. त्यावर स्टोअरकीपरनं आपल्या मेव्हण्याला, म्हणजे या महाराजांना, आणलं. महाराजांचं निदान तयारच होतं. "मिस्त्री पांढऱ्या पायाचा. तो हलल्याशिवाय पिशाच्च हलायचं नाही."

मिस्त्रींना घरी बसवलं, पण पिशाच्च यायचं थांबलं नाही, आणि त्याला हाकलायची महाराजांची दक्षिणाही. तेव्हापासून कुणी आलं की ते पाय खुर्चीखाली ओढून घेत. थोरलीनं ते महिनाभर पाहिलं होतं, आणि दात आवळले होते.

महाराज साहेबांच्या केबिनमध्ये जेवायला गेले, तेव्हा ती पॅनेलपाशी गुडघे टेकून पेटी आवरत बसली. उठली तेव्हा पेटीतली साबणाची बरणी अर्धी झाली होती.

दुपारच्या पाळीला महाराज पुन्हा शाल पसरून पॅनेलपाशी बसले, तेव्हा ती पुढे आली.

"साहेब, एक विचारू? काटा शून्यावर नेतो कोण, पिशाच्च?"

"मग काय, तुझा बाप?" स्टोअरकीपर म्हणाला. लोक हसले.

"बाबांनीच शिकवलंय मला. वाफ अजिबात नको असली तरी हा काटा तीनवर थांबतो. तीनच्या खाली गेला, की समजायचं नळीतली हवा पळाली. महाराज, बोलवा ना त्याला. दर्शन घेते."

"पोरी, पिशाच्च काय तुझा मामा आहे, हाक मारली की यायला?"

"मामा नसेल, मेव्हणा असेल," मागून कुणीतरी म्हणालं.

महाराजांना आता माघार घेता येईना. डोळे मिटले. लगेच भुवया वर गेल्या. पायाला काहीतरी बुळबुळीत लागलं होतं. पण भक्तांसमोर पाय हलवायचा कसा? फुस्स झालं, काटा पडला, आणि शालीच्या काठाखालून बुडबुडे निघाले. आधी एक, मग दहा, मग फेसच फेस.

"पिशाच्च आंघोळ करतंय वाटतं," म्हणत थोरलीनं शाल ओढली.

महाराजांच्या पायाचा अंगठा तोटीवर होता. पाय घोट्यापर्यंत पांढराशुभ्र.

"गळती शोधायला आम्ही सांध्यांना साबण लावतो," ती म्हणाली. "हवा सुटली की बुडबुडे येतात. अंगठ्यानं तोटी उघडली, काटा पडला. बंद केली, काटा चढला. एवढाच यांचा मंत्र."

साहेब पुटपुटले, "पाणी आणा रे, पाय धुवू दे."

"धुवायचा नाही. माझ्या बाबांना पांढऱ्या पायाचं म्हणालात ना? आता असंच फाटकापर्यंत चालायचं."

दोन्ही पाळ्या बघत होत्या. महाराज चालले, आवारभर एकाच पायाची पांढरी पावलं उमटली. मागून स्टोअरकीपर त्यांच्या चपला घेऊन, मान खाली घालून.

"पेटी मी नेणार नाही," ती साहेबांना म्हणाली. "तुम्ही न्या. आणि माफी बाबांच्या पायांकडे बघून मागा."

संध्याकाळी साहेब पेटी घेऊन दारात उभे राहिले आणि तसंच बोलले. मिस्त्रींनी हळूच खुर्चीखालून पाय पुढे घेतले. पेटी उघडली, बरणी उजेडात धरली.

"साबण बराच लागलेला दिसतो," ते म्हणाले.

"गळती मोठी होती, बाबा."

काटा पडला तर पाय कुणाचा पांढरा, हे विचारत बसू नका. खाली वाका, सांधे तपासा, हवा कुठून सुटते ते बघा. त्याला दोन पैशांचा साबण पुरतो. आणि शोधायच्या आधीच कुणी बोट दाखवलं, तर पहिल्यांदा त्याची शाल उचला.