पकडीचा रकाना

किसनकाकांचं डोकं सकाळपासून फिरलं होतं. आणि का नाही फिरणार? ज्या गुरुदत्त साहेबांपायी तेजलचं मनगट मोडलं, त्यांच्याच खांद्यावर आज शाल घालायची, आणि तीही काकांच्या हातून! का, तर काका सगळ्यात जुने रायडर.

लॅब उल्हासनगरात. अंबरनाथ-बदलापूरच्या सेंटरांवरून रक्ताच्या नळ्या पेटीत घालून मोटरसायकलवरून इथे आणायच्या, हे काकांचं, तेजलचं आणि आणखी चौघांचं काम. गाड्या लॅबच्या, देखभाल गुरुदत्त साहेबांकडे. गेल्या वर्षी साहेबांनी सगळ्या गाड्यांना कडक रबराचे टायर बसवले. झिजतच नाहीत म्हणे. आणि खरंच झिजले नाहीत मेले! पंधरा महिने झाले तरी नक्षी जशीच्या तशी. पण रस्ता ओला असला आणि ब्रेक मारला, की मागचं चाक निघालंच आपल्या वाटेनं.

रायडरांनी सांगितलं नाही असं नाही. दहादा सांगितलं. साहेबांचं एकच, "टायर नवा दिसतोय की! आधी गाडी चालवायला शिका."

तीन आठवड्यांपूर्वी शिवमंदिराजवळ टँकरनं रस्ताभर पाणी सांडून ठेवलेलं. समोर रिक्षा आडवी आली, तेजलनं ब्रेक दाबला आणि गाडी सरकत गेली ती थेट गटाराच्या कडेला. पेटीतली एकही नळी फुटली नाही. पोरीचं मनगट तेवढं मोडलं.

साहेबांनी चौकशी केली. कसली चौकशी, डोंबलाची! फाइल उघडली आणि मिटली. गाड्यांच्या तपासणीचा कागद दर महिन्याला काकाच भरायचे. त्यावर एक रकाना होता, 'टायरची नक्षी: आहे / नाही'. पंधराही महिने 'आहे'वर खूण आणि खाली सही किसनकाकांची. म्हणजे टायर चांगला, चूक चालवणारीची. तेजलच्या हातात पत्र पडलं: निष्काळजीपणा, एक तारखेपासून कामावर येऊ नये.

त्या सह्या काकांना रात्रंदिवस टोचत होत्या. कागद विचारायचा नक्षीचं, काका उत्तर द्यायचे नक्षीचं. पकडीला रकानाच नव्हता. पण पेन तर होतं ना हातात? बाजूला दोन शब्द लिहायला कोणी हात धरला होता? काका स्वतःलाच शिव्या घालायचे आणि मग साहेबांना दुप्पट घालायचे.

टायरचा खर्च वाचवल्याबद्दल साहेबांचा सत्कार, तो लॅबखालच्या पार्किंगमध्येच होता. खुर्च्या मांडल्या जात होत्या, तेवढ्यात साहेब आपल्या मोटरसायकलवरून आले. काकांची नजर मागच्या चाकावर गेली. टायर कोरा करकरीत.

"साहेब, दिवाळीतच बदलला होता ना?"

"मऊ रबर आहे रे, वर्षभरसुद्धा टिकत नाही," साहेब हौसेनं सांगू लागले. "पण पकड बघ! घोरपडच जशी. मागे आमची राजसी बसते ना, क्लासला जाताना. तिथे रिस्क कशाला घ्यायची?"

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग लॅबचे मालक मुकेशशेठ आले. टायर पंधरा महिने टिकले याचं त्यांनी तोंड भरून कौतुक केलं. हात गळ्यात अडकवून तेजल मागच्या रांगेत बसली होती. उरलेलं सामान न्यायला म्हणून तिला आजच बोलावलं होतं. काय ही मुहूर्ताची निवड!

"चल किसनभाऊ, शाल घाल. क्या सोच रहा है?" शेठ म्हणाले.

साहेबांनी मान झुकवली. काकांनी शाल उचलली, नारळ उचलला आणि सरळ चालू लागले ते कडेला लावलेल्या गाड्यांकडे. तेजल पडली ती गाडी त्यांनी निवडली, मागच्या चाकावर शाल पांघरली आणि पुढ्यात नारळ ठेवला.

"पंधरा महिने टिकला तो हा," काका म्हणाले. "सत्कार याचा करा."

"किसन, लाज आहे का?" साहेब ओरडले.

"आहे, म्हणून तर. शेठ, जरा इकडे या. याला नख लावून बघा."

शेठ आले. नख दाबलं. रबरावर ओरखडासुद्धा उठला नाही.

"आता साहेबांच्या गाडीला लावा."

नख रुतलं. शेठ त्या खुणेकडे बघत राहिले.

"साहेबांच्या मागे त्यांची लेक बसते, म्हणून तिथे पकड. आमच्या मागे पेटी असते, म्हणून इथे टिकाऊ! टायर टिकला, शेठ, पोर नाही टिकली. आणि त्या कागदावर पंधरा सह्या माझ्या आहेत. काढायचंच असेल तर मला काढा."

साहेब मोबाइल काढून उगाच त्यात बघू लागले.

शेठ तेजलपाशी गेले. "बेटा, ते लेटर दे इधर. फाडून टाकतो."

तेजलनं पिशवीतून पत्र काढलं, पण दिलं नाही.

"लेटर राहू दे, शेठ," ती म्हणाली. "आधी टायर बदला. उद्या सकाळची पहिली फेरी काकांची आहे."