पेन्सिलीतली सात घरं

मंगळवार होता. डबे नुकतेच उघडले होते. रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाई एका हाताने जेवत दुसऱ्या हाताने टपाल चाळत होत्या. एक पत्र वाचताना त्यांचा घास हातातच राहिला. सगळ्या कागदी नकाशांची यंत्राने छायाचित्रं काढायची आणि मूळ कागद लगद्याला पाठवायचे, असं त्यात होतं. यंत्र शुक्रवारी येणार होतं.

तेव्हापासून माझ्या कडा थरथरतायत. मी या जिल्ह्याच्या उत्तर भागाचा नकाशा बोलतोय.

मला बाईंच्या वडिलांनी काढलं. जाड कागद, मागे चिकटवलेलं कापड, आणि सव्वीस महिन्यांची पायपीट. त्यांचा एक नियम होता. आधी सगळं पेन्सिलीने काढायचं. शाई फिरवायची ती स्वतः चालून आलेल्या जागेवरच. ऐकीव गावाला शाई नाही.

साहेब वैतागत. "अहो, नदी काय पळून जाणार आहे?"

"जाते साहेब. मागच्या वेळेपेक्षा दीड फर्लांग सरकलीय."

माझ्यावर एकशे बारा गावं आहेत. त्यातलं एक धरणाखाली गेलं. एक खाण बंद पडल्यावर ओस पडलं. दोन्ही अजून काळ्याभोर शाईत आहेत. फक्त खिंडीपलीकडची वस्ती पेन्सिलीत राहिली. ते तिथे गेले तेव्हा दाट धुकं होतं. सहा घरं मोजली. सातव्याचा धूर दिसला, घर दिसलं नाही. सातही पेन्सिलीतच मांडली, पुन्हा जाऊन नक्की करतो म्हणाले. मग गुडघा गेला, मग नोकरी संपली. गेल्या हिवाळ्यात तेही गेले. बाई त्यांचा टाक रोज पुसून ठेवतात. लिहीत मात्र नाहीत त्याने.

काल त्या वस्तीतला म्हातारा मेंढपाळ आला. ओढ्यावर पूल हवा असेल तर वस्ती नकाशात दाखवा, असं त्याला कुठल्याशा खिडकीवर सांगितलं होतं. मागच्या पुरात सुनेला दवाखान्यात नेता आलं नाही, एवढंच तो म्हणाला. बाईंनी पुढचं विचारलं नाही.

"आहोत ना आम्ही यात?"

"आहात काका. पण पेन्सिलीत. यंत्राला इतकी फिकट रेघ दिसत नाही."

"आणि ओढा?"

"तो शाईत आहे."

"घ्या. बुडवणारा पक्का आणि आम्ही कच्चे. फिरवा की शाई, दोन मिनिटांचं काम."

बाईंनी बाटली उघडली, टाक बुडवला, माझ्यावर धरला. टोकाशी थेंब जमला. मग त्यांनी टाक पुसून टाकला.

"मी तिथे कधी चाललेली नाही, काका."

म्हाताऱ्याने घोंगडी खांद्यावर टाकली. "बापावर गेलीयेस. चल मग उद्या. सातवं घर माझंच आहे."

आज गुरुवार. बाई सकाळीच जाड तळाचे बूट घालून निघाल्या. "संध्याकाळी येते. तोवर याला हात लावू नका," असं शिपायाला बजावून गेल्या.

यंत्र एक दिवस आधी, आज दुपारीच आलं.

"मोठे आधी उरकू," यंत्रवाला म्हणाला.

"बाई येईपर्यंत हा राहू द्या," शिपाई म्हणाला.

"एकासाठी कशाला अडायचं? सगळे सारखेच की हो."

शिपायाने दोनदा दाराबाहेर बघितलं. मग माझी दोन टोकं त्यानेच धरली.

आता मी यंत्राच्या काचेवर पालथा आहे. खालून उजेडाची पट्टी दक्षिणेकडून वर सरकतेय. धरण गेलं, खाण गेली. पाऊल वाजलं की बाईच आल्या असं वाटतं, पण ते शिपायाचं असतं. खिंड अजून चार बोटं लांब आहे. बाटली टेबलावर आहे, टाक तिच्या शेजारी, कोरडा.

सात घरांवर शाई फिरवायची राहिली आहे.