पिवळ्या रेघेच्या अलीकडे

लोक इथे मजा करायला येतात आणि सगळ्यात आधी त्यांना माझं तोंड बघावं लागतं. त्याला माझा इलाज नाही. आत आकाशपाळणा आहे, पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, बुटकी आगगाडी आहे. पण त्या सगळ्याच्या आधी एक लांब टेबल आहे, त्याला चार नंबरचा पत्रा ठोकलाय आणि टेबलामागे मी उभी आहे. बॅग ठेवा. चेन उघडा. हे आत चालणार नाही. पुढे. बारा वर्षं मी एवढंच बोलतेय. घरी सासूबाईंना औषधाची गोळी दिली की कधी कधी तोंडून 'पुढे' निघून जातं.

बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, हा नियम काही मी केलेला नाही. शिव्या मात्र मला मिळतात. एका बापाने उकडलेली अंडी मुलाच्या बुटांत दडवून आणली होती. एक बाई लोण्याचा डबा तोंडाला लावायची क्रीम म्हणून सांगत होती आणि मला पटावं म्हणून तिने ते गालाला लावूनही दाखवलं. बिस्किटांचा पुडा काढून ठेवला म्हणून एक आजीबाई मला म्हणाल्या होत्या, "तुझ्या पोरांच्या तोंडचा घास कुणी काढला म्हणजे कळेल तुला." मला मूलबाळ नाही. मी म्हटलं, "पुढे."

हे सगळं चालतं. माझी झोप उडवते ती चाचणी.

कंपनी अधूनमधून आपलाच माणूस गिऱ्हाईक म्हणून पाठवते. त्याच्या बॅगेत लाल मुठीचा प्लास्टिकचा सुरा दडवलेला असतो. तो आम्हाला सापडला तर टेबलावरची घंटा वाजवायची. नाही सापडला आणि तो माणूस टेबलापासून दहा पावलांवरची पिवळी रेघ ओलांडून गेला, की आमच्या नावावर चूक. तीन चुका झाल्या की नारळ. माझ्या दोन झाल्यात. पहिल्या वेळी सुरा बाळाच्या लंगोटांच्या बंद पाकिटात होता, आणि पाकीट आणणारा माणूस इतका गोड बोलत होता की मला ते फोडायची लाज वाटली. दुसऱ्या वेळी, दीड वर्षापूर्वी, तो छत्रीत होता. त्या दिवशी सकाळीच सासूबाई न्हाणीघरात पडल्या होत्या, कमरेचं हाड मोडलं होतं, आणि मी इथे उभी राहून लोकांच्या छत्र्या झटकत होते. माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

तेव्हापासून सासूबाई अंथरुणावरच आहेत. नवरा माझा केव्हाच गेला. उरलो आम्ही दोघी. त्यांना माझ्याशिवाय कुणी नाही आणि खरं सांगायचं तर मलाही त्यांच्याशिवाय कुणी नाही. शेजारीण साडेतीनपर्यंत त्यांच्याजवळ बसते, त्यापुढे एक मिनिट नाही. माझी पाळी तीनला सुटते आणि घर वीस मिनिटांवर. अशा वेळेत बसणारी दुसरी नोकरी या वयात मला कोण देणार? ही गेली की सासूबाईंना नणंदेकडे धाडावं लागेल, आणि नणंदेने तर आधीच ऐकवून ठेवलंय, "आमच्याकडे अडगळीची खोली आहे तेवढी."

मला हे काम शिकवलं टाचणीने. खरं नाव कुणी घेत नसे. अंगाने सुतळी, बोलणं टोचणारं, आणि बॅगेत काहीही असो, बरोबर तिथेच तिचं बोट जायचं. अकरा वर्षं ती तीन नंबरच्या टेबलावर होती आणि मी तिच्या शेजारी चारवर. पहिल्याच दिवशी तिने माझा हात धरून एका बॅगेच्या बुडाशी नेला होता. "आधी तळ," म्हणाली. "वरचं सगळं लोकांनी तुला दाखवायला ठेवलेलं असतं."

पुढे तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ती बोलायची नाही, पण तिच्या चुका वाढल्या. आणि मागच्या वर्षी एक दिवस तिची तिसरी चूक झाली.

ती चूक मी पाहिली होती. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, सासूबाईंनाही नाही. तिच्या टेबलावर एका बाईची बॅग होती, आत घडी घातलेले टॉवेल. टाचणीने तळाशी हात घातला, टॉवेल उचलला आणि लाल मूठ स्पष्ट दिसली. मला दिसली. तिच्या नजरेला फक्त लाल कापड दिसलं असणार. तिने टॉवेल परत ठेवला आणि "पुढे" म्हणाली. बाई रेघेकडे चालू लागली. दहा पावलं. मी नुसतं "टाचणे!" म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी म्हटलं नाही. दुसऱ्याच्या टेबलात नाक खुपसायचं नाही असा नियम आहे, पण तो मला तेव्हा आठवलाही नव्हता. मला एवढंच आठवलं की गेटवर दिवसाला एकच चाचणी होते. आज तिची झाली, म्हणजे माझी नाही. मी सुटले. असं वाटलं मला, आणि हायसं वाटलं. तोवर बाई रेघेपलीकडे गेली होती.

टाचणी माझ्यापासून चार गल्ल्या पलीकडे राहते. वर्षभर मी तिला तोंड दाखवलं नाही. भाजी घ्यायलासुद्धा लांबच्या बाजूने जात असे.

तर आजचं.

सुट्टीचा दिवस, रांग रस्त्यापर्यंत गेलेली. रात्रभर सासूबाईंची कंबर दुखत होती, त्यामुळे माझ्याही डोळ्याला डोळा लागला नव्हता. अशा दिवशी प्रत्येक माणूस चाचणीचाच वाटतो. एका म्हाताऱ्याच्या चष्म्याचं घर मी दोनदा उघडलं. एका आईच्या दुधाच्या बाटलीचं झाकण काढून आत डोकावले, तर ती म्हणाली, "पिऊनच बघा ना!" साडेदहा वाजता पाठीतून कळ निघाली. अकराला मी बॅगांशी बोलायला लागले होते. माणसांकडे बघायचं त्राण उरलं नव्हतं. टेबलावर बॅग येते, हात जातो, बॅग जाते. एवढंच.

एक निळी कापडी बॅग आली. मी चेनेला हात घातला तर समोरून आवाज, "काय गं, ओळख विसरलीस?"

टाचणी. चष्मा नव्हता, डोळे स्वच्छ. ऑपरेशन झालं असणार. हाताशी सहा-सात वर्षांची मुलगी, पिवळा फ्रॉक, एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारतेय.

"नात," ती म्हणाली. "हिला आगगाडीत बसायचंय. पण त्याआधी हिला घाईची लागलीय."

"बरी आहेस ना?" एवढंच विचारता आलं.

"दिसतं आता," ती म्हणाली. "तू?"

"चाललंय."

"आजी, लवकर!" पोरगी ओरडली. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, गप्पा नंतर मारा, उन्हात उभे आहोत!"

बॅग माझ्यापुढे होती, अर्धी चेन उघडलेली. आणि माझा हात पुढे जाईना. जिने मला बॅग उघडायला शिकवलं, जिला मी डोळ्यांदेखत बुडू दिलं, तिची बॅग मी चोराची उचकावी तशी उचकू? मी चेन ओढून बंद केली आणि बॅग तिच्याकडे सरकवली. "तुझी काय तपासायची? जा, पोरगी खोळंबलीय."

तिने माझ्याकडे बघितलं. आनंदाने नाही, रागानेही नाही. मग नातीचा हात धरून निघाली.

मी पुढची बॅग ओढली. एक कंगवा, ओले कपडे, सनस्क्रीन. आणि मग उगाच मान वर केली. टाचणी सरळ चालत होती, सावकाश. घाईची लागलेल्या पोरीला घेऊन कुणी इतकं सावकाश चालत नाही. रेघेपासून एका पावलावर ती थांबली. तिचे बूट पिवळ्या रंगाला टेकायचेच बाकी होते. तेव्हा मला समजलं. हाक मारायला हवी होती. अजून वेळ होता. माझ्या तोंडून आवाजच निघाला नाही. या खेपेलाही नाही.

ती वळली. तरातरा परत आली, रांगेत घुसली, सनस्क्रीनवाल्याला कोपराने बाजूला केलं आणि निळी बॅग माझ्यापुढे आदळली.

"आधी तळ," ती म्हणाली.

मी चेन उघडली. फ्रॉक, पाण्याची बाटली, त्याखाली घडी घातलेला टॉवेल. टॉवेलखाली लाल मूठ.

मी घंटा वाजवली. एकदा पुरे होती, मी चार-पाच वेळा वाजवली.

काचेच्या खोलीतून आमचे साहेब धावत आले. वयाने आमच्या भाच्यासारखे. कायम हसतात म्हणून पाठीमागे आम्ही त्यांना बत्तीशी म्हणतो. आत्ताही बत्तीशी दिसत होती. "सापडला? वा! पण या तर पुढे गेल्या होत्या ना? मी काचेतून बघितलं."

मी तोंड उघडलं. खरं सांगायचं की नाही हे ठरलं नव्हतं, पण तोंड उघडलं होतं.

"गेले होते," टाचणी म्हणाली. "हिने हाक मारून परत बोलावलं."

"तुम्ही बोलावलंत?" साहेबांनी मला विचारलं.

टाचणीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला.

"हो," मी म्हटलं.

"आजी, कुणी हाक मारली? मला नाही ऐकू आली," नात म्हणाली.

"तुझं लक्ष होतं का? तुला तर घाईची लागलीय," टाचणी म्हणाली. "चल." साहेबांकडे वळून म्हणाली, "लिहून घ्या. रेघेच्या अलीकडे सापडला."

साहेबांनी लिहून घेतलं. मग सगळ्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बघा, इतक्या वर्षांची मैत्रीण, पण हिने सोडलं नाही. हाक मारून परत बोलावलं! याला म्हणतात काम." तीन नंबरवरच्या नव्या मुलीने टाळ्या वाजवल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

तीन वाजेपर्यंत मी प्रत्येक बॅगेचा तळ बघितला. कुणाशी काही बोलले असेन तर आठवत नाही.

पाळी सुटल्यावर घरी न जाता मी आत गेले. बारा वर्षांत कामाशिवाय आत गेल्याचं मला आठवत नाही. आगगाडीच्या कठड्याशी टाचणी उभी होती, नात गाडीत बसून तिसरी की चौथी फेरी मारत होती. गर्दी होती, भोंगा वाजत होता.

"टाचणे!" मी ओरडले. लोकांनी वळून बघितलं. तीही वळली.

मी जवळ गेले. धापच लागली होती. "मागच्या वर्षी," मी म्हटलं, "त्या बाईच्या बॅगेत टॉवेल होते. मी पाहिलं होतं."

"माहीत आहे."

"कसं?"

"डोळे गेले होते माझे, कान नव्हते गेले. तुझ्या टेबलावर सारखी खडबड चाललेली असायची. तेव्हा एकदम थांबली. मला वाटलं, हिने काहीतरी बघितलं. आता बोलेल." तिने गाडीतल्या नातीला हात केला. "मग खडबड परत सुरू झाली."

मला रडू आलं. भर गर्दीत, ओळखपत्र गळ्यात घालून मी रडत होते आणि ती मला अडवत नव्हती.

"मग आज का परत फिरलीस?" मी विचारलं. "रेघ तर एका पावलावर होती."

"तिथवर गेले ना," ती म्हणाली. "वर्षभर मनाशी म्हणत होते, एकदा तरी ही सापडावी मला. डोळे बरे झाल्यावर साहेबांनी हे चाचणीचं काम दिलं तेव्हा चार नंबरचं टेबल मीच मागून घेतलं. पण तिथे उभी राहिले आणि तुझी खडबड थांबली. कानावर आलं मला. तुला समजलंय आणि तू बोलत नाहीयेस. तेव्हा वाटलं, आपल्या दोघींतल्या एकीने तरी बोलावं."

गाडी थांबली. नात उड्या मारत आली आणि आणखी एक फेरी मागायला लागली.

"किती वाजले?" टाचणीने मला विचारलं.

"तीन दहा."

"मग इथे काय करतेस? शेजारीण उठून जाईल. पळ."

मी पळाले.