सहा-सहा महिन्यांचं घर

कारखान्यात मला सगळे मास्तरीण म्हणतात. शाळेचा आणि माझा संबंध फार दिवस टिकला नाही, पण कापड कापणाऱ्याला मास्तर म्हणायची रीत आहे आणि मी बाई आहे, म्हणून मास्तरीण. लांबलचक टेबलावर कापडाचे ऐंशी थर अंथरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि विजेची सुरी एकदाच फिरवायची. ऐंशी शर्टांच्या ऐंशी उजव्या बाह्या एका दमात सुट्या होतात. चूक झाली तर तीही ऐंशी वेळा होते, म्हणून सुरी हातात असताना मी कोणाशी बोलत नाही. एरवी माझ्या तोंडाला खळ नसतो, हे मीच सांगून टाकते, नाहीतर माझा नवरा सांगेल.

पगार चांगला आहे. फक्त तो सहा महिन्यांचा आहे. दर सहा महिन्यांनी फाटकावर यादी लागते. नाव असलं तर पुढचे सहा महिने आत, नसलं तर डबा उचलून घरी. अकरा वर्षं माझं नाव येत आलंय, तरी यादीच्या दिवशी सकाळी मी तासभर आधीच फाटकावर जाऊन उभी असते. मागच्या वेळी शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या मास्तरांचं नाव नव्हतं. त्यांनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. मी तिथेच उभी होते.

त्याच आठवड्यात मी इस्पितळाच्या शिवणखात्यात अर्ज टाकला. रुग्णांचे गाउन, चादरी, पडदे. नोकरी कायमची, पगार मात्र आताच्या दोन तृतीयांश. घरी कोणाला सांगितलं नाही. मिळाली तर सांगू, उगाच बोभाटा कशाला.

परीक्षेला बोलावलं तेव्हा शिवणखात्याच्या मोठ्या बाईंनी मला कापडाचा तागा दिला, मापाची चिठ्ठी दिली आणि म्हणाल्या, "गाउन कापा. मी आलेच." खोली छोटी, तीन यंत्रं, खिडकीशी एक टेबल. मी चिठ्ठी वाचली, कापड पसरलं आणि माझे हात आपले आपण कामाला लागले. बाई परत आल्या तेव्हा मी शेवटचे तुकडे नीट रचून ठेवत होते. बारा थर. त्याहून जास्त त्यांच्या कात्रीला झेपले नसते.

बाईंनी तुकडे मोजले. मग चिठ्ठी माझ्यासमोर धरली. त्यावर लिहिलं होतं : उजवा खांदा प्लास्टरमध्ये, उजवी बाही गळ्यापर्यंत उघडी ठेवणे.

"हा माणूस एकच आहे," बाई म्हणाल्या. "आता अजून अकरा जणांचे उजवे खांदे मोडायला लागतील."

मी चिठ्ठी नीट वाचली होती, बाहीही बरोब्बर उघडी ठेवली होती. एकासाठी एक कापायचं, एवढंच डोक्यात आलं नव्हतं. अकरा वर्षांत मी एकटा शर्ट कधी कापलाच नव्हता. मला इतकी लाज वाटली की पिशवी उचलून मी सरळ दाराकडे निघाले. बाईंनी थांबवलं. बारावा तुकडा पहिल्यावर ठेवून त्या कडेवरून बोट फिरवत होत्या. "एका धाग्याचा फरक नाही," त्या म्हणाल्या. "उघडी बाही टाके घालून बंद करता येईल. एकेकाचं माप घ्यायला शिकाल?"

शिकेन म्हणाले. पण मनातून थोडा रागही आला. मास्तरीण होते मी, शिकाऊ नव्हते.

चार दिवसांनी पत्र आलं. होकार कळवायला आठवडा होता. त्या संध्याकाळी मी घरात सगळं सांगितलं. माझा नवरा घरं रंगवतो. वर्षातले आठ महिने त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते आणि चार महिने तो मला स्वयंपाक कसा करावा हे शिकवतो. त्याने पत्र वाचलं आणि टेबलावर उलटं ठेवलं.

"अगं, लोक जास्त पगारासाठी नोकरी बदलतात," तो म्हणाला. "तू कमी पगारासाठी बदलणार?"

"माझं नाव यादीत नसलं म्हणजे मग?"

"अकरा वर्षं येतंय ना? पोरीचं शिक्षण आत्ता आहे. पैसा आत्ता लागणार. ती शिकून मोकळी झाली की मग जा तुझ्या इस्पितळात."

तेच माझ्याही मनात घोळत होतं, म्हणून मला जास्त राग आला. पोरगी नुकतीच बारावी झाली होती, चांगल्या मार्कांनी. पुढे काय करणार म्हटलं की "बघू" म्हणायची. आत्ताही ती ताटात बघून जेवत होती. एक तृतीयांश पगार सोडायचा म्हणजे तो तिच्याच पानातून काढायचा, असं मला वाटत होतं. दोन रात्री मला धड झोप लागली नाही.

तिसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. सरळच सांगितलं, दुसरीकडे बोलावलंय. साहेब माणूस वाईट नाही. त्यांनी मला बसायला सांगितलं, हे पहिल्यांदाच. म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमच्यासारखा हात मिळत नाही. पगार वाढवून देतो." आणि त्यांनी जो आकडा सांगितला तो ऐकून मी खुर्चीत सरळ झाले. तेवढ्यात पोरीची फी, भाडं आणि वर थोडं हातात, सगळं बसत होतं.

मी म्हटलं, "साहेब, एवढा नको. आहे तोच राहू द्या. फक्त तीन वर्षांचं लिहून द्या."

ते हसले. टिंगल करत होते असं नाही. "आकडा म्हणाल तो लिहून देतो," ते म्हणाले. "वर्षं माझ्या हातात नाहीत. मीसुद्धा वर्षावर्षाच्या करारावर आहे."

मला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी माझं ठरलं. तिथून तशीच इस्पितळात गेले आणि कागदावर सही केली.

घरी आले तर नवरा कामावरून आला नव्हता. पोरगी एकटीच होती, धुतलेले कपडे घडी करत होती. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "सही केली. पगार कमी होणार आहे. तुला काय शिकायचंय ते आता सांग. मी ओव्हरटाइम शोधीन, बाबा बघतील, पण सांग."

"मी नाव घातलं आई," ती म्हणाली. "मागच्याच महिन्यात. हिशेबाच्या कोर्सला. सहा महिन्यांचा आहे."

"एवढ्या मार्कांवर सहा महिन्यांचा?"

ती घडी मोडून पुन्हा घालायला लागली. मग म्हणाली, "मला जमीन मोजायचं शिकायचं होतं. नकाशे करतात ते. पण ते तीन वर्षांचं आहे. मध्येच तुझं नाव आलं नाही तर अर्ध्यात सोडावं लागलं असतं. आपल्याकडे सगळं सहा महिन्यांतच बसवतात ना. फ्रीजसुद्धा आपण सहा हप्त्यांत होईल तेवढाच घेतला."

ती हे तक्रार म्हणून बोलत नव्हती. घरात जे चालतं ते सांगत होती. मला वाटत होतं यादीची धास्ती मी फाटकावरच ठेवून येते.

"मग त्या तीन वर्षांच्याला आत्ता भर अर्ज."

"मुदत गेली, आई. पंधरा दिवस झाले."

मी तिच्या ढिगातला एक शर्ट ओढून घडी करायला घेतला. मला रडू आलं ते मी लपवलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाली, "पुढच्या वर्षी भरते. पुढच्या वर्षी तू तिथेच असशील ना?"

"हो," मी म्हणाले. "असेन."