साखऱ्याच्या माळावर न गेलेलं पाणी

मित्रांनो, साखऱ्याच्या फाट्यावर पत्र्याच्या शेडमागे एक गंजलेला पाण्याचा टँकर उभा असतो. तोच मी.

सेनगावच्या एका वर्कशॉपमध्ये माझे पत्रे जोडले गेले आणि मी रस्त्याच्या कामावर आलो. ट्रॅक्टरचालक धर्मसिंग मला ट्रॅक्टरला जोडायचा. आम्ही मुरमावर पाणी मारायचो, मागून रोलर यायचा. रस्ता सरकत गेला तसा माझा अभिमानही वाढत गेला.

पण त्या रस्त्यासाठी दोन्ही बाजूंचे जुने कडुनिंब तोडले. त्या दिवशी धर्मसिंगने माझ्या सावलीत बसून भाकरी खाल्ली. दुसरी सावली उरलीच नव्हती.

भरपाई म्हणून नवी झाडे लावायचे काम निताकडे आले. ती इंजिनिअर, शेजारच्या तांड्यातच वाढलेली. सुपरवायझर रविंद्र तिला म्हणाला, "मॅडम, सगळी रोपं माळावर लावून टाका. जागा मोकळी आहे."

"पाऊस बराबर झाला तर जमंल," निता म्हणाली. "न्हाई झाला तर?"

पाऊस किती पडेल हे कुणालाच सांगता येत नव्हते. म्हणून तिने संगणकावर ओली, मध्यम, कोरडी अशी अनेक वर्षे मांडून पाहिली. चांगल्या पावसात सर्वांत जास्त झाडे देणारी योजना तिने बाजूला ठेवली. कोरड्या वर्षीही बरीच झाडे वाचतील, अशी योजना निवडली. थोडी रोपे माळावर, बाकीची ओढ्याकाठी. पावसाने ओढ दिली, तर माझे सगळे पाणी ओढ्याकाठीच जाईल, हेही तिने आधीच ठरवले.

माळावरचे खड्डे तांड्यातल्या बायांनी खणले, रोपेही त्यांनीच लावली. त्यांत निताची काकू रूपाबाई सगळ्यांत पुढे होती.

पावसाने ओढ दिलीच. विहिरीतून दिवसाला माझी एकच खेप भरू लागली. एका सकाळी रूपाबाई ट्रॅक्टरसमोर येऊन उभी राहिली. धर्मसिंगने ब्रेक दाबला. निता खाली उतरली.

"आमचाच माळ काहून सोडला, पोरी?"

"काकू, तिथं खाली मुरूम हाय. पाणी ठरत न्हाई. सगळ्यायला थोडं थोडं दिलं तर एक बी रोप जगायचं न्हाई."

"लेकरावानी लावलेत गं आमी."

रूपाबाईने एकदा माळाकडे पाहिले. मग ती बाजूला झाली. "जा," ती म्हणाली, "त्या ओढ्याच्या रोपायला तरी पाज."

माळावरची रोपे वाळली. ओढ्याकाठचे करंज आणि जांभूळ आज माझ्याहून उंच झाले आहेत. लोक निताचे कौतुक करतात. पण त्या वर्षी माळावरून परतताना ती माझ्या चाकाशी टेकून रडली होती, हे मला आणि धर्मसिंगलाच ठाऊक आहे.

मित्रांनो, तोडलेले झाड नक्की गेलेले असते. लावलेले जगेलच असे नसते. म्हणून रस्ता आखतानाच जुन्या झाडाला वळसा घालता येतो का, ते आधी पाहा. मी मोठा दिसतो खरा, पण माझ्यात मावते तेवढेच पाणी मावते.