मनगटाची दोरी

"ताई, रफू दिसतोय," घरी आलेला दुकानदार कोट उजेडात धरून म्हणाला. सव्वीस वर्षं रफू करून तिचे डोळे शिणले होते, पण हे वाक्य तिने आजवर ऐकलं नव्हतं.

कारण तिला ठाऊक होतं. सुईवर डोळा लागला की बाईचे कान बंद. दूध उतू जाऊन करपलं तरी वास यायचा नाही. घरात चोर शिरला तर हिला विचारून सामान नेईल आणि ही हूं हूं करेल, असं नवरा चारचौघांत सांगायचा. मग गेल्या वर्षी त्याचं डावं अंग गेलं, आवाजही अगदी बारीक झाला. महिन्यापूर्वी त्याने पाणी मागितलं, मागत राहिला, शेवटी स्वतः उठायला गेला आणि कॉटवरून पडला. ती दोन हातांच्या अंतरावर शिवत बसली होती. त्या दिवसापासून त्याच्या उजव्या मनगटापासून तिच्या घोट्यापर्यंत दोरी बांधलेली असे; काही लागलं की त्याने ती ओढायची. पण एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार? निम्मा जीव घोट्यात अडकला, टाके चुकू लागले.

"एवढा एक बघा," दुसरा काळा कोट ठेवत दुकानदार म्हणाला. हाही दिसला तर काम दुसरीकडे द्यावं लागेल, हे त्याने खाली बघूनच सांगितलं. नवऱ्याने कॉटवरून सगळं ऐकलं.

ती कामाला बसली. थोडा वेळ घोट्याकडे लक्ष जात राहिलं. मग धागे दिसू लागले, एकेक सुटा, आणि दुपार कधी कलली ते तिला कळलंच नाही. कोट खिडकीत धरला तर भोक कुठे होतं ते तिलाच सापडेना. केवढा आनंद झाला तिला!

"अहो, बघितलंत का?" म्हणत ती वळली.

दोरी जमिनीवर पडली होती. गाठ त्याने दातांनी सोडली होती. ओठ सुकलेले, चादर ओली.

"जमलं ना?" त्याने विचारलं.

तिला भयंकर राग आला आणि रडूही आलं. तिने त्याला पाणी पाजलं, पुसलं, चादर बदलली.

"पुढचा कोट दिसला तर दिसू दे," ती म्हणाली.

मग दोरी उचलून तिने त्याच्या उजव्या दंडाला बांधली, दात पोचणार नाहीत इतकी वर.