जावईबापूंचा भराव

माईंच्या जावयाला सगळं येतं. गळका नळ बंद करण्यापासून ते देश कसा चालवावा इथपर्यंत सगळं. येत नाही ते एवढंच, दुसरा बोलत असताना गप्प बसणं. आणि कुणी चुकून "तुमचं चुकलं" म्हटलं, की स्वारी रुसते. एकटी रुसली तर माईंनी पेढे वाटले असते, पण ती बायकोसकट रुसते. मागे जावयाने गाडी वाकडी लावली म्हणून माईंच्या मुलाने सहज चेष्टा केली, तर लेकीचं माहेरी येणं अख्खा उन्हाळा बंद. फोनवरसुद्धा बिचारी चोरीचा माल विकल्यासारखी कुजबुजायची.

त्यामुळे घरामागच्या मोकळ्या जागेतला जुना दगडखाणीचा खड्डा जावयाने हौसेने बुजवायला घेतला, तेव्हा घरात कुणी चकार शब्द काढला नाही. पाडलेल्या घरांचे तुकडे, झाडांचे बुंधे, फाटक्या गाद्या, जे फुकट मिळेल ते त्याने आत लोटलं. वरून लाल मातीची चादर ओढली आणि हात झटकून म्हणाला, "आता इथे महाल बांधा."

महाल बांधायची ऐपत कुणाची होती? मुलाचं साधं दुमजली घर त्या जागेवर बांधायचं ठरलं. खाली माईंची खोली. माती तपासायला इंजिनिअर बाई आली. तरुण, पण बोलायला ठाम. ठिकठिकाणी खणून, नळ्या ठोकून ती ओसरीवर येऊन बसली.

"हा भराव सगळा काढावा लागेल," ती म्हणाली. "खालची मूळ घट्ट जमीन लागेपर्यंत. मग चांगला मुरूम आणायचा आणि पातळ पातळ थर द्यायचे. प्रत्येक थरावर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, नीट दबलाय का ते तपासायचं, मगच पुढचा थर. आत लाकूड कुजतंय. ते कुजलं की पोकळी होते आणि वरचं घर खचतं."

"बाई, पाणी सोडून ठेवा," जावई म्हणाला. "माती आपोआप बसते. माझ्या हाताखालून असे किती भराव गेलेत."

हा एकच गेला होता.

मुलाने आईकडे पाहिलं. लेकीने फरशीकडे पाहिलं. माईंची गत इकडे आड तिकडे विहीर. जावयाचं ऐकावं तर घर खचणार, बाईचं ऐकावं तर लेक तुटणार. ज्यांच्या जिभेला गल्ली टरकून असते, त्या माई तोंडात सुपारी असल्यासारख्या बसून राहिल्या.

"निदान भरलेला डंपर हळूहळू फिरवून बघा," इंजिनिअर बाई वैतागून म्हणाली. "कच्ची जागा असेल तर चाकाखाली दबताना दिसते."

माई सावरून बसल्या.

"फिरवाच," त्या म्हणाल्या. "जावईबापूंच्या भरावाला कसली भीती? लोकांची तोंडं तरी बंद होतील. आणि जावईबापू, तुम्ही ड्रायव्हरशेजारी बसा हं. त्याला काय कळतंय भरावातलं."

लेकीने चमकून आईकडे पाहिलं. माईंचा चेहरा सायीसारखा थंड.

दुसऱ्या दिवशी खडीने भरलेला डंपर आला. जावई गॉगल लावून, खिडकीतून कोपर बाहेर काढून, वरात निघाल्यासारखा बसलेला. कडेकडेने डंपर व्यवस्थित गेला.

"बघून घ्या," तो वरून म्हणाला. "घे रे, मधोमध घे."

मधोमध जमीन थरथरली. मग मागचं चाक सावकाश, म्हैस डबक्यात बसते तसं, आत गेलं. डंपर एका अंगाला कलंडला आणि चाकाशेजारून पट्ट्यापट्ट्याच्या गादीचं एक टोक वर आलं. ड्रायव्हर आपल्या बाजूने उडी मारून मोकळा झाला. जावयाचं दार मातीला टेकलेलं. क्रेन येईपर्यंत तो गॉगलसकट आतच.

कुणी हसलं नाही. लेकीने मात्र ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता.

जावई खाली उतरला, तेव्हा गाल फुगायला सुरुवात झाली होती. मुलगा दोन पावलं मागे सरला. माई पुढे झाल्या.

"तुम्ही होतात म्हणून कळलं हो. दुसरा असता तर कडेने फिरवून घरी गेला असता. तुम्ही बरोबर नेमक्या जागी नेलंत."

गाल जागच्या जागी थांबले. जावयाने गॉगल काढून पुसला.

"मला शंका होतीच," तो म्हणाला. "म्हणून तर मधोमध घ्यायला लावला."

"तेच म्हणते मी."

इंजिनिअर बाईने तोंड उघडलं. माईंनी तिच्या हातात चहा दिला.

खोदकाम सुरू झालं. जावई रोज बायकोला घेऊन हजर. थर पातळच हवा, पाणी बेताचंच हवं, हे तो इंजिनिअर बाईला पुन्हा पुन्हा समजावून सांगायचा आणि ती दात आवळून मान डोलवायची. खड्ड्यातून बुंधे निघाले, गाद्या निघाल्या, शेवटी एक अख्खा संडासाचा कमोड निघाला. मुलगा खोकत आत पळाला.

"लोक काय काय टाकतात बघा, माई," जावई म्हणाला.

माईंच्या जिभेवर असं उत्तर आलं होतं, की जावई सात पिढ्या विसरला नसता. पायरीवर लेक बसली होती, शेंगा सोलत, परत जायची कसलीही घाई नसल्यासारखी.

"हो ना, जावईबापू," माई म्हणाल्या. "लोकांना अक्कलच नसते."